चित्रांचा अर्थ कोणीं ठरवावा ?

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें एका पावसाळ्यांत शनिवारच्या वर्गांसंबंधीं सूचना लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी कीं, शनिवारीं जोराचा पाऊस असल्यास शाळा नऊ वाजतां सुटेल. आणि दुसरी अशी कीं, चाचणी परीक्षा असल्यास शाळा साडेअकरा वाजतां सुटेल. दोन्ही वाक्यें शुद्ध होतीं. व्याकरणाचा दोष कोणीहि काढला नसता. परंतु पुढल्याच शनिवारीं परीक्षाहि होती आणि पाऊसहि कोसळत होता. नऊ वाजतां शिपायानें घंटा दिली. अर्धीं मुलें एक ओळ प्रमाण मानून घरीं गेलीं. उरलेलीं दुसरी ओळ प्रमाण मानून उत्तरपत्रिका लिहीत बसलीं. मुख्याध्यापकांनीं मला विचारलें, "मास्तर, ह्यांतली कोणती आज्ञा वरचढ समजावयाची ?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. कारण सूचना लिहितांना तो प्रश्न माझ्या मनांतच आला नव्हता.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पुण्यास संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्या एका कचेरींत तो मोठ्या हुद्द्यावर आहे. बोलतां बोलतां त्या शनिवारची हकीकत निघाली. कारण त्या दिवशीं घरीं गेलेल्या मुलांत तोहि होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या फळ्यावरची ती सूचना आमच्या धंद्यांत रोज लिहिली जाते. आम्ही ती चित्रांत काढतों, इतकाच फरक. चित्रावर सगळ्यांच्या सह्या होतात; अर्थावर मात्र होत नाहींत." त्याचे हे शब्द माझ्या मनांत घोळत राहिले. त्यानें पुढें धाडलेले निबंध मीं माझ्या मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर जसे जमले तसे वाचले. त्यांतून जो इतिहास हातीं लागला, तो आज आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे.

घर बांधण्यापूर्वीं मालक आणि गवंडी ह्यांचें बोलणें व्हावें लागतें, त्याचप्रमाणें संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, रचण्यापूर्वीं तें कोणत्या परिस्थितींत काय करील हें आधीं ठरवावें लागतें. ज्याला तें हवें असतें, तो वैमानिक असेल, बँकेचा कारकून असेल, दवाखान्यांतला डॉक्टर असेल. त्याला गणिताची भाषा येत नाहीं. आणि रचणाऱ्याला त्याच्या धंद्याची भाषा येत नाहीं. मग दोघांना समजेल असें कांहीं तरी मध्यें ठेवावें म्हणून चित्रें आलीं: चौकटी, वर्तुळें आणि त्यांना जोडणारे बाण. चित्र पाहिलें कीं आपल्याला समजलें असें प्रत्येकाला वाटतें, आणि नेमकें तेथेंच फसतें. कारण बाणाचा अर्थ एकाच्या मनांत "ह्यानंतर तें" असा असतो, दुसऱ्याच्या मनांत "हें असल्यामुळें तें" असा, आणि तिसऱ्याच्या मनांत "इकडून तिकडे माहिती जाते" एवढाच. चित्राचें व्याकरण निराळें आणि चित्राचा अर्थ निराळा. कोणती चौकट कोठें काढावी हें सांगितल्यानें अर्थ सांगून होत नाहीं.

हा प्रश्न आपल्या देशास नवा नव्हे. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेची रचना बांधली, तेव्हां दोन नियम एकाच स्थळीं लागूं झाले तर काय करावें हें त्याला सांगावेंच लागलें. सारख्या बळाच्या दोन नियमांत विरोध आला असतां पर, म्हणजे नंतरचा, नियम प्रवृत्त व्हावा, असें परंपरेनें त्याच्या एका सूत्राचें तात्पर्य मानिलें. नियमांवरचा हा नियम होय. गंमत अशी कीं, २०२२ मध्यें केंब्रिज येथील ऋषि राजपोपट ह्या तरुण अभ्यासकानें त्याच सूत्रांतील 'पर' शब्दाचा अर्थ 'नंतरचा' असा नसून शब्दाच्या उजव्या भागास लागणारा असा आहे, असें प्रतिपादन केलें. ह्या मताविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु आपल्या विषयापुरता त्यांतून एक बोध घेण्यासारखा आहे: झगडा मिटविण्यासाठीं केलेल्या नियमाचाहि अर्थ निश्चित असावा लागतो, नाहीं तर झगडा एक पायरी वर सरकतो, एवढेंच.

आतां संगणकाकडे वळूं. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन ह्यांनीं संगणकाचें गणित कसें मांडावें हें दाखविण्यासाठीं प्रवाहाकृति काढल्या. पुढें वीस वर्षें ह्या आकृति सर्वत्र काढल्या गेल्या. १९६७ मध्यें रॉबर्ट फ्लॉइड ह्यानें एक छोटा निबंध लिहिला. आज्ञावल्यांना अर्थ देणें हेंच त्याचें शीर्षक होतें. त्याची युक्ति सोपी होती. आकृतींतील प्रत्येक बाणावर एक विधान लिहावें. चौकटींत शिरतांना आधींचें विधान खरें असेल तर बाहेर पडतांना पुढचें विधान खरें ठरलेंच पाहिजे. असें प्रत्येक चौकटीपुरतें सिद्ध केलें म्हणजे संपूर्ण आकृतीविषयीं खात्रीनें बोलतां येतें. आकृति मनाला सुचविण्यापुरती न राहतां सिद्धतेचा विषय झाली. त्यापूर्वीं, १९६२ मध्यें, कार्ल आडाम पेट्री ह्या जर्मन गणितज्ञानें आपल्या प्रबंधांतून एका वेगळ्या चित्रलिपीचा पाया घातला होता. पेट्रीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या जाळ्यांत वर्तुळांतून सोंगट्या कशा सरकावयाच्या ह्याचे नियम काटेकोर असतात. त्या लिपीच्या मुळाशींच गणित होतें.

परंतु असें भाग्य थोड्याच चित्रांना लाभलें. १९६८ मध्यें जर्मनींतील गार्मिश गांवीं भरलेल्या परिषदेंत सॉफ्टवेअरच्या कामांतील गोंधळाची उघड चर्चा झाली, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत अपेक्षा मांडण्याच्या चित्रलिपींचें पीक आलें. १९७६ मध्यें पीटर चेन ह्यानें वस्तु व त्यांचे संबंध दाखविणारी आकृति दिली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टॉम डिमार्को आणि इतर लेखकांनीं माहितीचा प्रवाह दाखविणाऱ्या आकृतींचा प्रसार केला. ह्या लिपी शिकण्यास सोप्या होत्या, आणि त्यांनीं पुष्कळ उपयोगहि झाला. पण माहितीच्या प्रवाहाच्या चित्रांत एका चौकटीकडे दोन बाण येत असले, तर दोन्ही माहित्या येईपर्यंत ती चौकट थांबते, कीं एकीनेंहि काम सुरू करते, हें चित्र सांगत नसे. तें वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलें असे.

ह्याच काळांत अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेंत एक वेगळा प्रयोग झाला. ए-७ नांवाच्या लढाऊ विमानांतील आज्ञावलीच्या सर्व अपेक्षा कॅथरीन हेनिंजर, डेव्हिड पार्नास आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७८ मध्यें कोष्टकांच्या रूपानें लिहून काढल्या. कोष्टकाचें मर्म समजण्यास माझी शनिवारची सूचनाच घ्या. पाऊस आहे अथवा नाहीं, परीक्षा आहे अथवा नाहीं. अशीं चार घरें होतात. नुसता पाऊस, ह्या घरांत "नऊ". नुसती परीक्षा, ह्या घरांत "साडेअकरा". पाऊस आणि परीक्षा दोन्ही, ह्या घरांत माझ्या सूचनेनें दोन उत्तरें कोंबलीं होतीं. आणि दोन्ही नाहींत, हें घर तर रिकामेंच राहिलें होतें ! वाक्यांत लपलेले दोन्ही दोष कोष्टकांत डोळ्यांपुढें येतात. कोणतेंहि घर रिकामें नसावें आणि कोणत्याहि घरांत दोन उत्तरें नसावींत, ह्या दोन कसोट्या गणिती आहेत. त्या लावण्यास विमानविद्या यावी लागत नाहीं. पुढें १९९६ मध्यें कॉन्स्टन्स हाइटमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या कोष्टकलिपीला पूर्ण गणिती अर्थ दिला आणि ह्या कसोट्या यंत्राकडून लावविल्या. जाणत्या माणसांनीं तपासलेल्या कोष्टकांतूनहि निसटलेल्या चुका त्या यंत्रतपासणीनें दाखविल्या.

आतां ह्या इतिहासांतील मुख्य कथा. १९८२ च्या अखेरीस डेव्हिड हॅरेल हा इस्राएलांतील वाइझमन संस्थेंतला तरुण गणिती, लावी नांवाच्या नव्या लढाऊ विमानाच्या कामावर सल्लागार म्हणून जाऊं लागला. तेथील तज्ज्ञ आपापल्या विषयांत निष्णात होते. परंतु अमक्या परिस्थितींत वैमानिकानें हें बटण दाबलें तर काय होईल, असें हॅरेलनें विचारलें कीं उत्तराला वेळ लागे, आणि निरनिराळ्या माणसांचीं उत्तरें जुळत नसत. अपेक्षांचे जाडजूड ग्रंथ होते. पण एका बटणाची कथा ग्रंथभर विखुरलेली होती. विमानाच्या अवस्था आणि त्यांतील संक्रमणें वर्तुळें व बाण काढून दाखवावींत, तर त्या जुन्या पद्धतीला मर्यादा होती. दोनच अवस्था असलेलीं वीस उपकरणें एकत्र आलीं, तर एकंदर अवस्था १०,४८,५७६ होतात. एवढीं वर्तुळें कोण काढणार ?

हॅरेलनें दोन सुधारणा केल्या. एक, चौकटीच्या पोटांत चौकट. म्हणजे आंतल्या सर्व अवस्थांना समान असलेला बाण बाहेरच्या चौकटीवर एकदांच काढावयाचा. दुसरी, एकाच चौकटीचे तुटक रेषेनें भाग पाडून ते एकाच वेळीं चालतात असें मानावयाचें. म्हणजे वीस उपकरणांना चाळीस चौकटी पुरतात. ह्या आकृतींना त्यानें स्टेटचार्ट असें नांव दिलें. त्याची कारणमीमांसा त्यानेंच विनोदानें दिली आहे: इंग्रजींत 'प्रवाह' आणि 'अवस्था' ह्यांना 'आकृति' आणि 'तक्ता' हे शब्द जोडून होणाऱ्या चार नांवांपैकीं एवढें एकच रिकामें उरलें होतें ! १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें एका मनगटी घड्याळाचें सर्व वर्तन ह्या लिपींत मांडून दाखविलें. लावी विमानाचें काम त्याच वर्षीं सरकारनें बंद केलें; परंतु त्या कामांतून जन्मलेली चित्रलिपि जगभर पसरली. वैमानिकांनाहि ती वाचतां येई, हें तिचें मोठें यश.

आणि मग तोच जुना प्रश्न उभा राहिला. समजा, "शाळा चालू" ही बाहेरची चौकट. तिच्या पोटांत "पहिला पेपर" आणि "दुसरा पेपर" ह्या दोन चौकटी. घंटा झाली कीं बाहेरच्या चौकटीवरचा बाण "सुटी" कडे नेतो. आणि तीच घंटा झाली कीं आंतला बाण पहिल्या पेपरांतून दुसऱ्या पेपरांत नेतो. घंटा वाजली. मुलांनीं काय करावें ? स्टेटमेट नांवाचें जें साधन हॅरेल व त्याच्या मंडळींनीं तयार केलें, त्याच्या नियमाप्रमाणें बाहेरचा बाण श्रेष्ठ. मुलें घरीं जातात. पुढें यू. एम. एल. ह्या सर्वसाधारण चित्रलिपींत जो नियम झाला, त्याप्रमाणें आंतला बाण श्रेष्ठ. मुलें दुसरा पेपर लिहितात. चित्रांत एका रेषेचाहि फरक नाहीं. दोन्ही नियम समर्थनीय आहेत. बाहेरचा अधिकारी मोठा हेंहि खरें, आणि विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो हेंहि खरें.

प्रश्न तेथेंच थांबत नाहीं. एका बाणामुळें नवी घटना उत्पन्न झाली, तर तिचा परिणाम त्याच पावलांत धरावा कीं पुढल्या ? घंटा झाली म्हणून शिपायानें दार उघडलें, आणि दार उघडलें म्हणून मुलें धांवलीं; हें एक पाऊल कीं दोन ? १९८७ मध्यें हॅरेल, अमीर प्नुएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो गणिती अर्थ प्रसिद्ध केला, त्यांत अशी साखळी एकाच पावलांत धरली होती. स्टेटमेटनें ती पुढल्या पावलावर टाकली. एकाच पावलांत धरली तर आणखी एक पेंच पडतो. "घंटा झाली नसेल तर घंटा द्यावी" अशी आज्ञा लिहिली, तर त्या क्षणीं घंटा झाली म्हणावें कीं नाहीं ? आपण खोटें बोलतों असें सांगणाऱ्या माणसासारखी ही आज्ञा स्वतःलाच खोडून काढते. प्नुएली आणि शालेव्ह ह्यांनीं १९९१ मध्यें एक पाऊल म्हणजे नक्की काय, ह्या एकाच प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. १९९४ मध्यें मिखाएल फॉन डेर बेक ह्यानें मोजणी केली, तेव्हां एकाच चित्रलिपीच्या वीसएक तऱ्हा चालू असल्याचें आढळलें. स्टेटमेटचा अर्थ तपशीलवार छापून सर्वांच्या हातीं आला तो १९९६ मध्यें. म्हणजे चित्र प्रसिद्ध झाल्यावर नऊ वर्षांनीं. मधल्या काळांत प्रत्येकानें आपापला अर्थ बसविला, ह्यांत नवल तें काय ?

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल कीं हा पंडितांचा खेळ आहे. त्यांच्यासाठीं मी आतां विमानांच्या टकरी टाळणाऱ्या यंत्राची हकीकत सांगतों. १९८६ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांत दोन विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं. त्यानंतर अमेरिकेनें कायदा करून, जवळ येणाऱ्या दोन विमानांपैकीं एकास "वर जा" व दुसऱ्यास "खालीं जा" असें सांगणारें यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचें केलें. आपल्याकडे १९९६ च्या नोव्हेंबरांत हरियाणांत चरखी दादरी येथें अशाच टकरींत ३४९ माणसें दगावलीं, आणि मग आपल्या सरकारनेंहि तें सक्तीचें केलें. ह्या यंत्राच्या अपेक्षा नॅन्सी लेव्हसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंत काटेकोर लिपींत लिहिल्या. स्टेटचार्टचा सांगाडा त्यांनीं घेतला. परंतु अटी तर्कशास्त्राच्या चिन्हांत लिहून पाहिल्या, तेव्हां तपासणारे वैमानिक व अभियंते त्या वाचण्यास कंटाळले. म्हणून अटी साध्या कोष्टकांत मांडल्या, आणि प्रत्येक कोष्टकाला नेमका गणिती अर्थ दिला. १९९४ मध्यें ही पद्धति प्रसिद्ध झाली. पुढें तिच्या आधारें तो आराखडा परिपूर्ण व अविरोधी आहे कीं नाहीं ह्याची कांहीं तपासणी यंत्रानें करतां आली. वाचण्यास सोपें आणि अर्थानें पक्कें, हीं दोन्ही एकत्र नांदूं शकतात, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

तथापि १ जुलै २००२ च्या रात्रीं दक्षिण जर्मनींत यूबरलिंगेन गांवावर जें घडलें, तें ऐकल्यावर माझ्यासारख्या शाळामास्तराचें काळीज हलतें. रशियांतील उफा शहराच्या शाळकरी मुलांना घेऊन एक विमान स्पेनला चाललें होतें. दुसऱ्या बाजूनें एक मालवाहू विमान येत होतें. यंत्रानें मुलांच्या विमानास "वर चला" म्हणून सांगितलें, आणि मालवाहू विमानास "खालीं जा". परंतु भूमीवरील नियंत्रकानें मुलांच्या विमानास "खालीं या" असें सांगितलें होतें. वैमानिकानें नियंत्रकाचें ऐकलें. दुसऱ्यानें यंत्राचें ऐकलें. दोन्ही विमानें खालीं आलीं आणि एकमेकांवर आदळलीं. ७१ जीव गेले. त्यांत बहुसंख्य मुलें होतीं. चौकशींत अनेक कारणें निघालीं. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें. परंतु यंत्र आणि नियंत्रक ह्यांच्या आज्ञा परस्परविरोधी झाल्या तर कोणाचें ऐकावें, ह्याविषयींचे नियम अपुरे व कांहीं अंशीं परस्परविरोधी होते, असें चौकशी करणाऱ्यांनीं नमूद केलें. यंत्राची आज्ञाच पाळावी, असा आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर स्पष्ट करण्यांत आला.

ह्या अपघाताचा दोष कोणत्याहि चित्रलिपीवर येत नाहीं, हें मी मुद्दाम सांगतों. उलट, यंत्राच्या आंत काटेकोरपणा होता. तो यंत्राच्या चौकटीपाशीं संपला. जेथें माणूस आणि यंत्र भेटतात, तेथें माझ्या शनिवारच्या सूचनेसारखींच दोन शुद्ध वाक्यें समोरासमोर उभीं होतीं.

१९९७ मध्यें यू. एम. एल. ला सर्वमान्यता मिळाली, तेव्हां त्या लिपीचा अर्थ बहुतांशीं साध्या इंग्रजी गद्यांत सांगितलेला होता. त्याच सुमारास, ह्या लिपीला गणिती अर्थ द्यावा म्हणून ब्रिटन व इतर देशांतील अभ्यासकांचा एक गट झटूं लागला. २००४ मध्यें हॅरेल आणि बर्नहार्ड रुम्पे ह्यांनीं एका लेखांत ह्या चर्चेंतील गोंधळ उघड केला. अर्थ द्यावयाचा म्हणजे दोन गोष्टी सांगावयाच्या: चित्र ज्यांविषयीं बोलतें त्या वस्तूंचें विश्व कोणतें, आणि चित्राचा प्रत्येक भाग त्या विश्वांत कोठें पडतो. ह्या दोन्ही न सांगतां नुसतीं चिन्हें वाढविणें म्हणजे अर्थ देणें नव्हे. २०११ मध्यें त्या लिपीच्या एका लहान भागाचा चालविण्याजोगा निश्चित अर्थ अधिकृतपणें ठरला. आमच्या मुंबईंत पवईच्या तंत्रसंस्थेंतहि आज्ञावल्यांच्या अशा गणिती तपासणीसाठीं एक केंद्र उभें राहिलें.

काटेकोरपणाविरुद्ध एक आक्षेप मला योग्य वाटतो. विचार अजून कच्चा असतां त्याला फार लवकर घट्ट सांच्यांत घातलें, तर तो वाढत नाहीं. पाटीवर काढलेल्या ढोबळ आकृतीला अर्थाची सक्ति करणें म्हणजे मुलाच्या पहिल्या निबंधांत केवळ ऱ्हस्वदीर्घ पाहण्यासारखें आहे. परंतु ज्या चित्रावर सही व्हावयाची, ज्याच्या आधारें यंत्र चालावयाचें, त्याला ही सवलत देतां येत नाहीं. शिवाय अर्थ निश्चित झाला म्हणजे अपेक्षा योग्य झाली, असेंहि नव्हे. "परीक्षा असो वा नसो, पावसांत मुलांना घरीं पाठवावें" हा नियम नि:संदिग्ध आहे. तो शहाणपणाचा आहे कीं नाहीं, हें गणित सांगणार नाहीं. गणित एवढेंच करतें कीं मतभेद लपूं देत नाहीं.

त्या दिवशीं निरोप घेतांना मीं माझ्या विद्यार्थ्याला विचारलें, "काय रे, तूं घरीं कां गेला होतास ?" तो म्हणाला, "पहिली ओळ वर लिहिलेली होती, गुरुजी. वरची आज्ञा मोठी, असें वाटलें." जीं मुलें बसून राहिलीं, त्यांतील एकाला पुढें मीं हाच प्रश्न केला, तेव्हां तो म्हणाला, "दुसरी ओळ नंतरची. नंतरच्या आज्ञेनें आधींची रद्द होते." दोघेहि माझेच विद्यार्थी, दोघांनींहि तोच फळा वाचलेला, आणि दोघांचाहि तर्क सरळ. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आज मी पुनः फळ्यापाशीं उभा राहिलों, तर दोन ओळींखालीं तिसरी लिहीन: पाऊस व परीक्षा दोन्ही असल्यास परीक्षा संपल्यावर शाळा सुटेल. आणि दोन्ही नसल्यास काय, ही चौथीहि.